व्यक्ती तितक्या प्रकृती : मधुमेहाची एकच गोळी सर्वांना सारखी का मानवत नाही?

पहाटे साडेचारच्या सुमारास दूरध्वनी आला. पलीकडून माझ्या एका जुन्या रुग्णाचा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सेवानिवृत्त शिक्षकांचा आवाज कापत होता. "डॉक्टर, ही काहीतरी असंबद्ध बोलते आहे. सगळे कपडे घामाने भिजले आहेत. मला ओळखतही नाही." मी पोहोचलो तेव्हा काकूंची रक्तशर्करा ४६ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांतच त्या भानावर आल्या आणि एवढी मंडळी का जमली आहेत, असे विचारू लागल्या.

मला कोडे पडले. काकूंना मी मेटफॉर्मिनखेरीज मधुमेहाचे कोणतेही औषध लिहून दिलेले नव्हते, आणि एकट्या मेटफॉर्मिनने साखर इतकी खाली सहसा जात नाही. उलगडा त्यांच्या मुलीने दुपारी केला. मेटफॉर्मिन घेतले की काकूंना जुलाब होत. कीर्तनाला तासभर बसवत नसे, एसटीने लेकीकडे जाण्याची धास्ती वाटे. म्हणून वर्षभरापूर्वीच त्यांनी ती गोळी गुपचूप सोडली होती. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, दर वेळी साडेआठच्या पुढे येई आणि दर वेळी मी त्यांना एकच सांगे, "काकू, पथ्य पाळा." घरचेही तेच म्हणत. त्या बिचाऱ्यांनी भात सोडला, सणाच्या दिवशी पुरणपोळीचा घासही घेतला नाही, तरी आकडा हलेना. अखेर त्यांनी यजमानांच्या डब्यातील ग्लिमेपिराइड घ्यायला सुरुवात केली. "ह्यांना किती छान लागू पडते," हे त्यांचे कारण. त्यातच, त्वचेवरील बुरशीच्या विकारासाठी मी त्यांना फ्लुकोनॅझोल दिले होते. त्यांच्या पोटात ग्लिमेपिराइड जात आहे याची मला कल्पना नव्हती.

त्या वर्षभरात मी काकूंना एकदाही विचारले नव्हते की, गोळी सोसते का? ही चूक माझी होती. हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळेच.

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण स्वभावाविषयी वापरतो, औषधांनाही ती तितकीच लागू आहे. एकाच घरात, एकाच ताटातले जेवणाऱ्या दोघांना एकच गोळी वेगवेगळा गुण देते. वय, वजन, मूत्रपिंडाची शक्ती, मधुमेह किती वर्षांचा आहे, ही त्याची नेहमीची कारणे. परंतु गेल्या वीस वर्षांत आणखी दोन कारणे शास्त्रज्ञांच्या हाती लागली आहेत. एक म्हणजे जन्मतःच मिळालेली जनुके, आणि दुसरे म्हणजे आपल्या आतड्यात वस्तीला असलेले अब्जावधी जिवाणू.

मेटफॉर्मिन आणि यकृताचे दार

मेटफॉर्मिनचे मूळ गॅलेगा नावाच्या एका युरोपीय वनस्पतीत सापडते. फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ साली मधुमेहाच्या रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि औषधाला 'ग्लुकोफाज', म्हणजे साखर खाणारा, असे नाव दिले. अमेरिकेने मात्र त्याला मान्यता देण्यासाठी १९९४ साल उजाडू दिले. आज जगभर मधुमेहाच्या उपचाराची सुरुवात बहुधा याच गोळीने होते.

ही गोळी शरीरात मोडली जात नाही. ती आतड्यातून रक्तात येते, यकृतात शिरते, तेथे होणारी साखरेची निर्मिती कमी करते आणि जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते. मात्र पेशीत शिरण्यासाठी तिला दार लागते. पेशीच्या आवरणात बसलेली काही प्रथिने द्वारपालाचे काम करतात. त्यांपैकी यकृतातील प्रमुख द्वारपाल म्हणजे ओसीटी-१. हे प्रथिन कसे घडवायचे याचा आराखडा एका जनुकात असतो, आणि त्या जनुकात माणसामाणसांत लहानसहान फरक असतात. काहींचे दार सताड उघडते, काहींचे किलकिले राहते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रती अधू असतील तर अडचण वाढते.

स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २०१५ मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती अधू होत्या, त्यांना पोटाच्या तक्रारींमुळे गोळी सोडावी लागण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक आढळली. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. काही नेहमीची औषधेही हेच दार अडवतात. आम्लपित्तावरील ओमेप्राझोलच्या गटातील गोळ्या, रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल, वेदनाशामक ट्रामाडॉल, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे क्लोपिडोग्रेल, ही त्यांतील काही नावे. अधू जनुके आणि असे औषध एकत्र आले की गोळी न सोसण्याची शक्यता चौपटीहून अधिक झाली होती. दार बंद असल्यामुळे औषध आतड्यातच साचत असावे, असा एक तर्क आहे.

काकूंच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या उशाशी ओमेप्राझोलचे पाकीट होते. सहा वर्षांपूर्वी गुडघेदुखीच्या गोळ्यांबरोबर ते सुरू झाले होते. गुडघेदुखीच्या गोळ्या थांबल्या, ही मात्र तशीच चालू राहिली. वयस्कर मंडळींच्या औषधांच्या डब्यात अशी एखादी कायमची पाहुणी हमखास सापडते. येथे एक सावधगिरीची सूचना : यातील कोणतेही औषध, विशेषतः हृदयविकाराच्या रुग्णांनी क्लोपिडोग्रेल, हा लेख वाचून परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे, इतकेच.

गुण किती येतो यातही जनुकांचा वाटा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पेशींत ग्लुकोजची ने-आण करणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातील फरकामुळे स्थूल रुग्णांच्या प्रतिसादात जो फरक पडला, तो मेटफॉर्मिनचा डोस सुमारे ५५० मिलिग्रॅमने वाढवण्याइतका होता. म्हणजे कुणाला ५०० च्या दोन गोळ्यांत जे साधते, त्यासाठी दुसऱ्याला तीन लागू शकतात, आणि त्यात पथ्याचा कसलाही दोष नसतो. हे अभ्यास प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत, त्यामुळे हा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही.

उसन्या गोळीचा धोका

आता ग्लिमेपिराइडकडे वळू. ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही याच घराण्यातील औषधे. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणे हे त्यांचे काम. मेटफॉर्मिनच्या उलट, या गोळ्या यकृतात मोडल्या जातात आणि ते काम मुख्यतः एक विकर करते. त्याचे शास्त्रीय नाव सीवायपी-२सी९. हेच विकर वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषधही मोडते. काहींच्या जनुकांमुळे हे विकर जन्मतःच मंदगती असते. अशा व्यक्तीच्या रक्तात गोळी अधिक काळ रेंगाळते. त्यामुळे साखर लवकर आटोक्यात येते, पण खाली घसरण्याचा धोकाही वाढतो. ज्याचे विकर तडफदार, त्याला तीच गोळी जेमतेम पुरते.

फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध याच विकराला रोखते. म्हणजे जन्मतः उत्तम असलेले विकरही तेवढ्या काळापुरते मंद होते. काकूंच्या जनुकांत काय लिहिले आहे ते मला ठाऊक नाही, त्यांची तशी तपासणी केलेली नाही. परंतु यजमानांची गोळी, माझे फ्लुकोनॅझोल आणि पथ्याच्या धाकाने रात्री घेतलेली जेमतेम वाटीभर पेज, एवढ्या तीन गोष्टी त्या पहाटेसाठी पुरेशा होत्या. सेप्ट्रान या नावाने घरोघरी ठाऊक असलेले को-ट्रायमोक्साझोल आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविकेही या घराण्यातील गोळ्यांबरोबर साखर खाली आणू शकतात. म्हणून ताप, लघवीची जळजळ किंवा त्वचाविकार यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. नाव तोंडी सांगण्यात घोटाळा होतो. 'पांढरी छोटी गोळी' या वर्णनाच्या शेकडो गोळ्या आहेत.

वृद्ध व्यक्तीची साखर उतरते तेव्हा थरथर आणि घाम ही लक्षणे दिसतीलच असे नाही. पुष्कळदा ती व्यक्ती केवळ गोंधळते, चिडते, बोलताना अडखळते किंवा नुसती गाढ झोपून राहते. घरच्यांना वाटते, वय झाले. अशा वेळी ग्लुकोमीटरने लगेच साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. ज्यांना जेवणाबरोबर घेण्याची अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू आहे, त्यांना मात्र साधी साखर उपयोगी पडत नाही. ती गोळी साखर पचूच देत नाही, म्हणून त्यांच्यासाठी घरात ग्लुकोजचीच पूड हवी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. आणि ग्लिमेपिराइडच्या घराण्यातील गोळीने साखर उतरली असेल, तर बरे वाटल्यानंतरही ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते. काकूंना आम्ही चोवीस तास रुग्णालयात ठेवले ते याचसाठी.

जनुकांमुळे याच गोळीने चमत्कार वाटावा असे कामही केले आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मधुमेह झाला तर त्यामागे बहुधा एकाच जनुकातील बिघाड असतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा विशिष्ट बिघाडाच्या ४९ रुग्णांना इन्सुलिनऐवजी या गोळ्या देऊन पाहिल्या, आणि त्यांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन पूर्णपणे सुटले. आयुष्यभर सुया टोचून घ्याव्या लागणार असे ज्यांना सांगितले होते, ती मुले गोळीवर राहू लागली. तरुण वयात होणाऱ्या आनुवंशिक मधुमेहाच्या एका प्रकारातही ही गोळी मेटफॉर्मिनपेक्षा कितीतरी प्रभावी ठरते. आपल्याकडे चेन्नई येथील डॉ. व्ही. मोहन यांच्या संशोधन संस्थेने या विकारांवर बरेच काम केले आहे. आपल्या कुटुंबात एखाद्या बाळाला पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झाला असेल, किंवा आजोबा, मुलगा, नात अशा सलग पिढ्यांत पंचविशीच्या आतच तो दिसला असेल, तर तेथे जनुकचाचणीचा खर्च सार्थकी लागतो.

आतड्यातील वस्ती

जनुके बदलत नाहीत, आतड्यातील जिवाणू मात्र बदलतात. आहार, आजार, प्रतिजैविके आणि वय यांबरोबर त्यांची वस्ती पालटत असते. मेटफॉर्मिनचा आणि त्यांचा संबंध दुहेरी आहे. स्वीडन आणि स्पेनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये एक लक्षवेधी प्रयोग प्रसिद्ध केला. नुकत्याच निदान झालेल्या रुग्णांना चार महिने मेटफॉर्मिन दिले, तेव्हा त्यांच्या आतड्यातील जिवाणूंचे प्रमाण स्पष्टपणे बदलले. त्यानंतर त्यांच्या विष्ठेतील जिवाणू, जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात सोडले. उपचारापूर्वीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा, उपचारानंतरचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची साखर हाताळण्याची क्षमता सुधारली. उंदरांना औषध दिलेलेच नव्हते. याचा अर्थ, मेटफॉर्मिनच्या गुणातील काही भाग या जिवाणूंच्या मार्फत येत असावा. मग ज्याच्या आतड्यातील वस्ती वेगळी, त्याचा गुणही वेगळा आणि पोटाचा त्रासही वेगळा, हे ओघाने आले.

काही जिवाणू तर औषधावरच हात मारतात. अकार्बोज ही मुळात एका जिवाणूपासूनच मिळवलेली गोळी. आपल्या तोंडातील आणि आतड्यातील काही जिवाणूंकडे तिला निष्प्रभ करणारी विकरे असतात, असे २०२१ मध्ये दाखवून देण्यात आले. सिटाग्लिप्टिनची गोष्ट याहून मनोरंजक आहे. जेवणानंतर आतडे जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडते, ते इन्सुलिनला मदत करते, आणि डीपीपी-४ नावाचे विकर त्याला लगेच मोडून टाकते. या विकराला आवरणे हे सिटाग्लिप्टिनचे काम. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की, आतड्यातील काही जिवाणूही याच जातीचे विकर तयार करतात आणि त्यावर सिटाग्लिप्टिनची मात्रा फारशी चालत नाही. घरातल्या चोराला पकडले, पण शेजारचा मोकळा राहिला, असा हा प्रकार! या गोळीचा गुण माणसागणिक का बदलतो याचे एक संभाव्य उत्तर त्यात असू शकते. अजून ते संशोधनाच्या पातळीवर आहे.

हे सर्व वाचून कुणी जिवाणूंच्या महागड्या कॅप्सूल विकत घ्यायला निघेल, म्हणून सांगतो : अमुक कॅप्सूल घेतल्याने मधुमेहाची तमुक गोळी अधिक लागू पडते, असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही. विष्ठेतील जिवाणूंची तपासणी करून औषध निवडण्याची पद्धतही अजून रूढ झालेली नाही. नेहमीच्या टाइप-२ मधुमेहात मेटफॉर्मिन सुरू करण्यापूर्वी जनुकचाचणी करण्याची आवश्यकता नाही. तिच्या किमतीत वर्षभराच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या येतील. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीची डाळ, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या यांतील चोथा जिवाणूंचे अन्न आहे, तो चालू ठेवावा. कवळीमुळे किंवा दात नसल्यामुळे भाकरी चावत नसेल तर ती ताकात कुस्करून द्यावी. साध्या सर्दीसाठी प्रतिजैविके मागू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहारातील बदल विचारूनच करावा.

गोळी सोसत नसेल तर

मेटफॉर्मिनमुळे पोटाच्या तक्रारी अनेकांना होतात, पण त्यापायी ती कायमची सोडावी लागणारे साधारण शंभरात पाच. बाकीच्यांचे प्रश्न सुटण्यासारखे असतात. लहान डोसने सुरुवात करून तो एक-दोन आठवड्यांच्या अंतराने वाढवणे, गोळी उपाशीपोटी न घेता जेवताना घेणे, आणि सावकाश विरघळणारी, पाकिटावर एसआर किंवा ईआर असे लिहिलेली गोळी निवडणे, एवढ्यानेही पुष्कळांना ती मानवते. अशी गोळी फोडू किंवा कुटू नये, नाहीतर तिचा सावकाशपणाच संपतो. तिचे रिकामे कवच कधीकधी शौचात दिसते. औषध त्यातून आधीच बाहेर पडलेले असते, तेव्हा 'गोळी पचतच नाही' म्हणून घाबरू नये. पूर्वी सोसलेल्या गोळीने अचानक जुलाब सुरू झाले तर मात्र कारण दुसरे असू शकते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडल्यास मेटफॉर्मिन काही दिवस थांबवावे लागते, कारण त्या काळात मूत्रपिंडे ते नीट बाहेर टाकू शकत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडाची शक्ती पाहणे अपरिहार्य आहे. ती, म्हणजे अहवालातील ईजीएफआर, ३० च्या खाली गेल्यास मेटफॉर्मिन बंद करावे लागते.

बी-१२ या जीवनसत्त्वाकडेही लक्ष असू द्या. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ते कमी होऊ शकते, आम्लपित्ताच्या गोळ्यांनीही होऊ शकते, आणि शाकाहारी व्यक्तीत ते मुळातच बेताचे असते. पायांची बधिरता, तोल जाणे, विसराळूपणा हे सगळे मधुमेहाच्या किंवा वयाच्या खात्यावर टाकले जाते आणि बी-१२ तपासायचे राहून जाते. काकूंचे खूपच कमी निघाले.

त्यांची ओमेप्राझोलची आता गरज उरलेली नव्हती, ती आम्ही हळूहळू थांबवली. बी-१२ ची इंजेक्शने दिली. मग रात्रीच्या जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅमची एसआर गोळी सुरू केली, तीन आठवड्यांनी दुसरी. पहिल्या आठवड्यात पोट थोडे गुरगुरले, पण जुलाब झाले नाहीत. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.४ आले. त्यांच्या वयाला एवढे पुरे, ते सहाच्या घरात आणण्याचा अट्टहास मी करणार नाही. भात त्या पुन्हा खाऊ लागल्या आहेत, एक वाटी, डाळीबरोबर.

मुलीने दोघांच्या गोळ्यांसाठी दोन रंगांचे डबे आणले आहेत. मास्तरांचा डबा वरच्या फळीवर असतो, जिथे काकूंचा हात पोहोचत नाही. काकू यावर थोड्या रुसल्या आहेत.